देव बोलतोय का माझंच मन टोचतंय?

"ताई, आतून सारखं वाटतं की देव काहीतरी सांगतोय, पण ते खरंच पवित्र आत्म्याकडून आहे का माझ्याच मनाचे खेळ, हे ओळखायचं कसं?" समुपदेशनाला येणाऱ्या विश्वासणाऱ्यांकडून हा प्रश्न आला नाही असा महिना जात नाही. कॉलेजची पोरं लग्नाबद्दल, नोकरीबद्दल विचारतात, मोठी माणसं बहुतेक वेळा पापाच्या टोचणीबद्दल विचारतात, आणि माझा अनुभव असा की टोचणी ओळखता यायला लागली की बाकीचं मार्गदर्शन ओळखणं बरंच सोपं जातं. म्हणून एका भाऊंची केस सांगते. त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय पंचेचाळीसच्या आसपास, नगर जिल्ह्यातले, घरात आजोबांपासून ख्रिस्ती विश्वास, स्वतः संडे स्कूलला शिकवणारे आणि पंच कमिटीवर. पाळकसाहेबांनीच पाठवलं, कारण बरेच महिने झाले भाऊ प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, घेत नव्हते, चर्चमध्ये बसायचे पण भाकर-प्याल्याची वेळ आली की मागच्या दाराने बाहेर. आले ते हातात एक दोनशे पानी वही घेऊन. मी म्हटलं बघू का, तर लगेच दिली, म्हणजे ती दाखवायलाच आणली होती. प्रत्येक पानावर तारीख आणि खाली त्या दिवसाची पापं. "प्रार्थनेत लक्ष उडालं." "मुलावर ओरडलो." "वचन वाचताना घाण विचार आला." "क्षमा मागितली पण मनापासून मागितली का?" आणि त्याच्या खाली तीच क्षमेची प्रार्थना परत परत, बारीक अक्षरात, ओळी संपल्या तर समासात उभी लिहिलेली. काही पानांवर पेन इतका दाबलेला की मागच्या बाजूला हाताला अक्षरं लागत होती.

त्यांचं म्हणणं एकच होतं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू म्हणतो की आत्म्याविरुद्ध केलेल्या दुर्भाषणाची क्षमा होणार नाही, आणि माझ्याकडून ते झालंय. कधी झालं, काय बोललात, हे विचारलं तर सांगता येईना. "बोललो नाही ताई, पण विचार आला असणार, देव नाराज आहे हे आतून कळतं ना." उपास केले होते, दशमांशाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या, वर दान द्यायला लागले होते, एका सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकाने घराण्यावर शाप आहे असं सांगितल्यापासून तर झोपच गेली होती. वर आणखी एक भीती, की मला रडू येत नाही. आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली पंडिता रमाबाईंच्या काळात जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं त्याच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालोय, मुली आणि बाया पापाच्या जाणिवेने ढसाढसा रडल्या, तासन् तास प्रार्थना चालल्या. भाऊंना वाटायचं की आत्मा खरंच काम करत असता तर मलाही तसं झालं असतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की जकातदार जक्कय रडल्याचं लूकने आपल्या शुभवर्तमानात कुठे लिहिलेलं नाही, तो उभा राहिला आणि कोणाचं किती परत करणार ते बोलला. ते पटलं का नाही माहीत नाही, पण वही त्यांनी मिटून टेबलावर ठेवली.

मग घरच्यांची चौकशी चालू असताना, सहज बोलावं तसं, ते म्हणाले की दोन वर्षं झाली, बहीण ख्रिसमसला येत नाही. का, विचारलं. "असंल तिच्या मनात काहीतरी. त्या सहीचं." आणि लगेच परत मत्तय बारावर आले. मी त्यांना थांबवलं. कसली सही?

वडील गेल्यावर दोन एकर जमीन होती, आई आधीच गेलेली, वारस ही दोघं भावंडं. आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना अजून माहीत नसतं म्हणून इथे सांगते, ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 लागतो आणि त्यात मुलगा मुलगी असा फरक नाही, म्हणजे इथे दोघांना निम्मं निम्मं. भाऊंनी बहिणीला सांगितलं की वारस म्हणून नाव लावायला तुझी सही लागते. रजिस्ट्रार ऑफिसला नेलं, फोटो झाला, अंगठा झाला, ती काही वाचत बसली नाही, दादा म्हणतोय म्हणून जिथे बोट ठेवलं तिथे सही करत गेली. ते हक्कसोडपत्र होतं. तिला कळलं ते वर्षभराने, सातबारा काढला तेव्हा.

मी वही परत उघडली आणि विचारलं, भाऊ, हे ह्यात कुठे आहे? नव्हतं. एकाही पानावर नव्हतं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग जे बोलले ते मला फार महत्त्वाचं वाटतं, "पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या आधी म्हणतात ना, प्रत्येकाने आपली परीक्षा करावी, तेव्हा पहिलं तोंड तिचंच येतं समोर. एक सेकंद. मग मी पटकन बाकीचं आठवायला लागतो."

त्या एका सेकंदाबद्दलच मला सांगायचंय. आत्म्याची टोचणी आणि दोष लावणारा आवाज, दोन्ही आतूनच येतात, दोन्हींनी अस्वस्थ व्हायला होतं, म्हणून आपण गोंधळतो. पण दोघांची बोलायची पद्धत वेगळी असते. उरीयाला मारवून त्याची बायको घेतलेल्या दावीद राजाकडे नाथान संदेष्टा आला तेव्हा त्याने तू वाईट माणूस आहेस असं मोघम काही सांगितलं नाही, उरीयाचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचं सांगितलं, तलवारीचं सांगितलं. आत्मा दाखवतो ती एक ठरावीक गोष्ट असते, बहुतेक वेळा समोर एक माणूस असतो, आणि पुढे काय करायचं तेही दिसत असतं, करायची इच्छा नसली तरी. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात ज्याला आपल्या बंधूंना दोष देणारा म्हटलंय तो मात्र मोघम बोलतो, तू असाच आहेस, तुझं काही होणार नाही, आणि करायला काही सांगत नाही, फक्त परत परत तेच. एक तुम्हाला ख्रिस्ताकडे ढकलतो, दुसरा प्रभुभोजनाच्या टेबलापासून लांब नेतो. येशूला ओळखत नाही म्हणणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहूदा दोघंही पस्तावले होते, यहूदाने तर चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली, पण तो ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्याला, आम्हाला काय त्याचं, म्हणून उडवून लावलं, आणि येशूकडे तो गेलाच नाही.

आपण प्रोटेस्टंट लोक सहसा वाचत नाही, पण सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी ह्या विषयावर फार बारकाईने विचार केलाय आणि मला कामात त्याचा उपयोग होतो. ते म्हणतात की देवाकडे चाललेल्या माणसाला चांगला आत्मा हळुवार स्पर्श करतो, स्पंजात पाण्याचा थेंब मुरावा तसा, पण माणूस उलट दिशेने चालला असेल तर तोच चांगला आत्मा सद्सद्विवेकाला डिवचतो, टोचतो. म्हणजे शांती वाटली तर देव आणि त्रास झाला तर सैतान, इतकं ते सरळ नसतं. बरेच लोक मला सांगतात की मला त्या निर्णयाबद्दल शांती आहे, आणि चौकशी केली तर कळतं की ज्याचं नुकसान होणार आहे त्याला विचारलेलंच नाही.

इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायचीये, नाहीतर हे वाचून कोणीतरी स्वतःच्या मागे लागेल. भाऊंच्या बाबतीत त्या सगळ्या भीतीखाली एक खरी गोष्ट दडलेली निघाली. प्रत्येकाच्या बाबतीत निघत नाही! नर्सिंग करणारी एक मुलगी यायची, तिला प्रार्थनेच्या वेळी येशूबद्दल अत्यंत घाणेरडे शब्द मनात यायचे, ती घाबरून परत पहिल्यापासून प्रार्थना सुरू करायची, रात्रीचे दोन वाजायचे. तिच्या आयुष्यात लपवलेलं काही नव्हतं, आणि मी ते खणत बसले असते तर तिचा आजार वाढवला असता. तो ओसीडी होता, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती परत परत करायला लावणारा मानसिक आजार, धर्माच्या विषयाला चिकटलेला, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या आणि थेरपी दोन्ही चालू झालं आणि हळूहळू ती सावरली. कोणी तिला अजून उपास कर म्हणून सांगितलं होतं, तेही चांगल्या मनाने, पण कृपा करून असं सांगू नका. जो विचार नको नको म्हणताना येतो आणि ज्याची माणसाला किळस येते, त्याला दुर्भाषण म्हणता येत नाही. त्या अध्यायात ज्यांच्याशी येशू बोलतोय ते परूशी, म्हणजे त्या काळचे कडक धर्मनियम पाळणारे यहुदी, त्याचं काम डोळ्यांनी बघून त्याला सैतानाचं म्हणत होते आणि त्यांना त्याची काळजी वाटत नव्हती. भाऊंनाही मी डॉक्टरकडे पाठवलं, कारण त्या वहीतलं सगळंच काही जमिनीमुळे नव्हतं.

जमिनीचं काय करायचं हे मी सांगितलं नाही. मत्तय पाच वाचायला सांगितलं, वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आणि एकट्याने काही ठरवू नका म्हटलं. टोचणी त्यांची होती पण खर्च घराला पडणार होता, मुलीच्या शिक्षणाचा हिशोब त्या जमिनीवर धरलेला. वहिनी आधी चिडल्या, मला फोन करून म्हणाल्या की तुम्ही चांगलं समुपदेशन केलंत, आमचं घर निम्मं करून ठेवलंत. मग चार दिवसांनी त्याच म्हणाल्या की मला पण माहीत होतं, मी तेव्हा गप्प बसले. पाळकसाहेबांसमोर दोघं बसले, बोलले, प्रार्थना केली. खरं कन्व्हिक्शन, म्हणजे आत्म्याची टोचणी, दुसऱ्या समजदार विश्वासणाऱ्यांसमोर मांडता येतं आणि मांडल्यावर विरून जात नाही, हे मी खूपदा पाहिलंय. जे फक्त मलाच कळलंय आणि कोणाला विचारायचं नाही, असं असतं तिथे मी सावध होते.

बहिणीकडे गेले तेव्हा तिने चहा केला, पण गळ्यात पडून रडणं वगैरे काही झालं नाही. ती म्हणाली, "दादा, जमीन तू मागितली असतीस तर मी दिली पण असती. तू मला खोटं का सांगितलंस?" ह्याला भाऊंकडे उत्तर नव्हतं, त्यांनी फक्त चुकलो म्हटलं. वकिलाला विचारून बक्षीसपत्राने तिचा निम्मा हिस्सा तिच्या नावावर झाला, फेरफार झाला. ती ह्या ख्रिसमसलाही आली नाही. मुलांना पाठवलं.

आणि तरी भाऊंची ती टोचणी थांबली, दस्त झाला त्या दिवसापासून. ते पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले तेव्हा तिचं तोंड डोळ्यासमोर आलं पण त्याने पळून जावंसं वाटलं नाही, तिच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली, असं ते म्हणाले. दुसरं ते, म्हणजे देव नाराज आहे, क्षमा नाही, ते मात्र अजून अधूनमधून येतं. गोळी चालू आहे. पण आता ते वही काढत नाहीत, विचारतात, काय केलं मी, कोणाचं, सांग? उत्तर आलं नाही तर कामाला लागतात.

नोकरी, लग्न, बदली ह्याबद्दल विचारणाऱ्यांना मी हेच लावून बघायला सांगते. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमची मंडळी भरपूर वादविवाद करून मग लिहिते की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं, आणि सोळाव्यात प्रेषित पौलाला आशिया नावाच्या रोमन प्रांतात जायला आत्मा अडवतो, बिथुनियातही जाऊ देत नाही, म्हणजे चुकीच्या दिशेला निघालेल्या पौलालाही देवाने वाटेतच वळवलं, टाकून दिलं नाही. तुमच्याकडून एखादा निर्णय चुकला म्हणून देवाचा सगळा प्लॅन बिघडला असं घाबरून बसायची गरज नाही.

हे वाचताना कोणाचं तोंड समोर आलं असेल तर ह्या आठवड्यात पाळकसाहेबांशी किंवा एखाद्या विश्वासू वडील माणसाशी बोला. कोणाचंच आलं नाही आणि फक्त भीतीच वाढली असेल तर आणखी शोधत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. आणि रात्री फारच असह्य झालं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं, आणि ख्रिस्ती आहे, असे असे विचार येतात, हे तिथे स्पष्ट सांगा, लाजू नका.