एकच प्रश्न घेऊन जा

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

स्थापत्य अभियांत्रिकी आणि नगररचना या दोन्ही पदव्युत्तर पदव्या जोडीने घ्याव्यात की एकीवरच थांबावे, याची तू केलेली दोन रकान्यांची यादी वाचली. तिच्यात फी आहे, वर्षे आहेत, पगार आहे. तुला सोडवायचे काय आहे, तेवढे मात्र नाही. तेव्हा यादी बाजूला ठेव. एक प्रश्न धर आणि तोच घेऊन दोन्ही विभागांत जा.

प्रश्न शोधायला इंदूरबाहेर जाण्याचीही गरज नाही. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ पंपांच्या जोरावर चढून येते. त्यातले वापरलेले बरेचसे पाणी खान नदीत उतरते, खान क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला आणि चंबळ यमुनेला. अरबी समुद्राकडे निघालेले पाणी आपण उचलतो आणि वापरून गंगेच्या खोऱ्यात सोडतो! नळाचा व्यास कसा काढायचा हे तुला स्थापत्य विभाग शिकवील, बायपासपलीकडच्या शेतांवर किती वसाहती बसवायच्या हे नगररचना विभाग शिकवील. पण वसाहतींना दिलेली परवानगीच पुढच्या पंपाचा आकार ठरवते, हे तुला स्वतःलाच जुळवावे लागेल. हातात एकच प्रश्न असेल तरच ते जुळते. नसेल, तर दोन पदव्या म्हणजे नुसत्या दोन फायली.

माझ्या वेळी असा जोड अभ्यासक्रम कोणी सुचवला नाही, याची हळहळ मला आजही वाटते. वसाहतीचा नकाशा एका टेबलावर मंजूर होई आणि सांडपाण्याची लाइन दुसऱ्या टेबलावर आखली जाई. नकाशावर ज्या जागी नीटस चौकोनी प्लॉट दिसत, तिथे प्रत्यक्षात गुडघाभर खोल नाला असे. चेंबरचे झाकण उचलून पाहिले, तर वरच्या वसाहतीचा पाइप खालच्या पाइपापेक्षा खोल बसवलेला. मी बैठकीत बोललो की ‘हा ड्रेनेजचा माणूस’ म्हणून विषय पुढे ढकलला जाई. नाला स्वतः चालून पाहिल्याशिवाय मी सही करीत नसे. लोक मला हेकट म्हणाले, बढतीही लांबली. पण ज्या वसाहतींच्या कागदावर माझी सही आहे, तिथे पावसाचे पाणी घरात शिरत नाही, आणि त्या हेकटपणाबद्दल मी कोणाचीही माफी मागणार नाही.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ. होळकर दरबारासाठी त्यांनी लिहिलेला इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाच, आळस करू नकोस. आधी पाहणी, मग योजना, हा त्यांचा आग्रह होता. नदी, मैला, बागा आणि वस्ती हे विषय त्यांनी एकमेकांपासून तोडले नाहीत.

आता व्यवहाराचे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठासारख्या ठिकाणी वाहतूक अभियांत्रिकी आणि नगररचना या पदव्या जोडीने घेता येतात, आणि काही विषय दोन्हीकडे धरले जात असल्यामुळे वेगवेगळ्या घेण्यापेक्षा वेळ वाचतो. पण तुझा ओढा पाण्याकडे आहे. तेव्हा विद्यापीठाचे नाव पाहून भुलू नकोस. पाण्यावर काम करणारा एक प्राध्यापक स्थापत्य विभागात आणि जमिनीच्या वापरावर काम करणारा एक नगररचना विभागात आहे का, ते पाहा, आणि दोघांनाही तोच प्रश्न लिहून पाठव. परदेशचा खर्च झेपणार नसेल, तर भोपाळच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयाचा विचार कर. त्यात कमीपणा मुळीच नाही.

प्रवेशअर्जासोबत दोन विभागांसाठी दोन निराळे निबंध लिहिण्याचा तुझा बेत मला अजिबात पसंत नाही. मजकूर एकच असू दे, पहिला परिच्छेद हवा तर बदल. मसुदा पाठवण्यापूर्वी कृष्णपुरा छत्रीपासून खानच्या काठाने जमेल तितके खाली चालत जा, नदीत येऊन पडणारा प्रत्येक नाला कागदावर टिपून घे, आणि तो कागद मसुद्याला जोडून पाठव. त्याशिवाय मी मसुदा वाचणार नाही.

तुझा,
काका