मुंबईत फोर्टमधल्या जुन्या इमारतीत कॉलेजसाठी राहायला खोली भाड्याने घ्यायची आहे. काय तपासावं?

आधी खोली कुणाची ते विचारा. इकडे पागडी भरपूर, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात वर्षानुवर्षं राहणारे जुने भाडेकरू. मालकाच्या संमतीशिवाय पागडीवाल्याला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. वाद झाला की सामान तुमचंच बाहेर येतं. म्हणून नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारच (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची लेखी परवानगी) मागा, नुसत्या पावतीवर डिपॉझिट देऊ नका.

मग छताकडे बघा. या इमारती बहुधा लाकडी तुळयांच्या. तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं, त्यातही वरच्या मजल्याच्या मोरीखालचं. तिथे ओल, वाळवीची माती किंवा ताजा रंग दिसला तर बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला की सरळ निघा. जिन्यात लोखंडी टेकू असतील तर ते का लावलेत, हे शेजाऱ्यांना विचारा, एजंटला नको. अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी म्हाडा पावसाळ्याआधी जाहीर करते, तीही चाळा.

वायरिंग जुनं असतं. २००० वॉटची इंडक्शन शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते, ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती लावली की प्लग तापून वितळू शकतो. १६ अँपिअरचा पॉइंट आहे का बघा.

पाण्याची वेळ विचारा, आणि खोलीत स्वतंत्र नळ आहे की सामायिक, तेही.