आधी एक पावसाळा

चि. बाय,

काल संध्याकाळी तू साईटच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून गेलीस आणि रात्री साडेअकराला निरोप पाठवलास, ‘सर, मला हे काम जमत नसेल तर आत्ताच सांगा.’ मी उत्तर दिलं नाही. फोनवर टाईप करायला बसलो की माझं निम्मं म्हणणं बोटांतच राहतं. म्हणून कागद घेतला.

जमतं की नाही यावर मी शाई घालवणार नाही. त्या घरात जिन्याखालची जागा तू ज्या रीतीने वापरलीस, ती तुझ्या वयात मला सुचली नसती. हे तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हेही तुला ठाऊक आहे. पुढे जाऊ.

दिवाणखान्याच्या भिंतीवरचं व्हिनियर, प्लायवर चिकटवलेला लाकडाचा तो पातळ पापुद्रा, फुगलं, खालच्या कडेला काळी बुरशी आली आणि यजमानांनी मेस्ताच्या, म्हणजे सुताराच्या, नि रंगाऱ्यांच्या देखत तुला नको ते ऐकवलं. तू व्हिनियर विकणाऱ्याला दोष देतेस, मेस्त गोंदाला, यजमान तुला. मी रात्री फाइल काढली आणि फक्त तारखा पाहिल्या. पश्चिमेच्या भिंतीचं बाहेरचं प्लास्टर २० मेला संपलं. बाहेरून रंग नाही, वर पत्र्याची साधी पडवीही नाही. ६ जूनला पाऊस लागला. तुझं पॅनेलिंग १२ जुलैचं. ती भिंत महिनाभर पाठीवर झड घेत उभी होती आणि तू तिला पुढून शालू नेसवलास. मग शालू खराब झाला तर नवल कसलं?

गणेश चवथीच्या आधी घर पाहिजे, असा यजमानांचा हट्ट. ती तारीख मी दिली नव्हती. खोडलीही नव्हती. तू ‘होईल’ म्हणालीस तेव्हा मी समोर चहा पीत बसलो होतो आणि गप्प राहिलो. सामानाचं नि मजुरीचं नुकसान स्टुडिओ सोसेल, तुझ्या पगाराला हात लागणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता मी चिडणार आहे.

किती वेळा सांगितलंय तुला, घराला आधी एक पावसाळा दे! भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली, दारं-खिडक्या लागल्या, की हात थांबव. एक पावसाळा जाऊ दे. मग लाकूड, मग रंग, मग तुमचे ते लपवलेले दिवे. सोमवारच्या मीटिंगला मी हे म्हणतो तेव्हा तुम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसता. मला दिसतं ते.

आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, तुला मी शिकवायला नको, तरी शिकवतो. खाणीतून निघतो तेव्हा ओला नि मऊ असतो, हवेवर कडक होत जातो. १८०० साली फ्रान्सिस बुकॅननने मलबारात अंगडीपुरमला लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. नाव विटेचं, अंगावर भोकं मधाच्या पोळ्यासारखी. ती भोकं पाणी पितात. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुन्या लोकांकडे ओल मोजायचा मीटर नव्हता, पण वळचण खोल असायची, पडवी रुंद असायची, मृगाच्या आधी पावसाच्या अंगाला चुडतांचे झाप बांधले जायचे. आतला गिलावा चुन्याचा. चुना ओल घेतो आणि सोडतो. आपण बाहेरून सिमेंट थापतो, आतून सिमेंट थापतो, वर पुट्टी, वर प्लास्टिकसारखा रंग. मग ओल जाणार कुठे? कधी भिंतीवर क्षारांचा पांढरा लोणा होऊन फुटते, कधी तुझ्या व्हिनियरमधून.

‘पण सर, प्लाय ७१० चा आहे,’ असं तू काल दोनदा म्हणालीस. आयएस ७१० चा प्लाय ७२ तास उकळला तरी त्याचे थर सुटायचे नाहीत, पण त्या शिक्क्याचं वचन प्लायपुरतं. प्लाय तगेलच गं. त्याच्यावर अर्ध्या मिलिमीटरचं सागाचं व्हिनियर चिकटवलंय, त्याला कोणी उकळून पाहिलंय? आणि बुरशीला शिक्का वाचता येत नाही.

तुझ्यावर एवढं तोंड टाकतोय, तर माझंही ऐक. १९९७ साली माझं पहिलं स्वतंत्र काम फोंड्याजवळ होतं. एकत्र कुटुंब, जुनं घर, मधे राजांगण, म्हणजे उघडा चौक. त्यांनी मला फक्त पुढचा हॉल नवा करायला दिला. मी माघात काम धरलं आणि वैशाखात संपवलं. पीओपीचं फॉल्स सीलिंग, मधोमध मोठा गोल, गोलात पिवळे दिवे. फोटो काढले, पाकीट घेतलं, घरी आलो. चवथीच्या आदल्या दिवशी त्यांच्या थोरल्या काकांचा फोन आला, जरा येऊन जा. गेलो. हॉलमध्ये सगळी मंडळी उभी. काका माटोळीची चौकट, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायची ती लाकडी चौकट, खांद्यावर घेऊन वर बघत होते. खाली सुपात कांगलां, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घड, नारळांची पेंड. काका एवढंच म्हणाले, ‘हूक खंय?’

वाशांना चार लोखंडी हूक होते. त्यांच्या आजोबांनी ठोकलेले. मला ते गंजके खिळे वाटले आणि सुताराला सांगून मी ते कापले. उरलेलं सगळं पीओपीने झाकलं. त्या वर्षी त्यांची माटोळी दोन शिड्यांना आडवा बांबू बांधून लटकवली. मला प्रसादाला बसवून घेतलं, पातोळ्या वाढल्या, कोणी एका शब्दाने बोललं नाही. यजमानांनी तुझ्यावर आवाज चढवला म्हणून तू रडलीस ना? ओरडणारी माणसं बरी.

मी ते घर चार महिने रोज पाहिलं होतं. पण चारही महिने कोरडे. एक पावसाळा त्या घरात पाय भिजवून गेलो असतो तर चवथ दिसली असती, हूक दिसले असते. पावसाळ्यातच घर कसं वापरतात ते कळतं, बाय. ओले कपडे कुठे वाळत घालतात ते बघ. तू आखलेल्या सुंदर युटिलिटीत कोणी घालत नाही, स्वयंपाकघराच्या उबेला दोरी बांधतात. मग त्या दोरीखाली तू ट्रॉल्या नि लॅमिनेटची दारं लावून ठेवतेस. आजी खाट कुठे सरकवते ते बघ. ती जिथून सरकवते ती भिंत ओली, त्यासाठी मीटरही नको. छत्र्या कुठे ठिबकतात, वीज गेली की माणसं कुठल्या दाराशी येऊन बसतात, वारा कुठल्या खिडकीतून पाणी आत मारतो. मोरजीला आपण केलेल्या घरात बिजागऱ्या ३०४ स्टीलच्या होत्या. खाऱ्या हवेने पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्यावर तांबूस डाग आले. तेव्हाच खाऱ्या हवेला जास्त टिकणाऱ्या ३१६ स्टीलच्या लावल्या असत्या तर पुढच्या फेऱ्या वाचल्या असत्या. तेही मला पावसाळ्यानेच सांगितलं, कॅटलॉगने नाही.

तुला पुण्याला जाऊन रेंडर, म्हणजे न बांधलेल्या घरांची कॉम्प्युटरवरची चित्रं, करायचेत, असं तू मागे एकदा म्हणाली होतीस. जा हवं तर. तिथे बरं असतं. रेंडरमध्ये ऊन कायम दुपारी चारचं, सोफ्यावर पुस्तक उलटं ठेवलेलं, आणि पाऊस कधीच नाही. मला त्या कामाचा राग नाही. खरं सांगायचं तर आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत तीन मोठी कामं माझ्या हातून गेली ती त्या चित्रांमुळे. आसगावातलं जुनं घर घेतलेले एक गृहस्थ मला म्हणाले, दुसरे लोक चार महिन्यांत देतायत, तुम्ही चौदा का मागता? मी म्हटलं, मधे एक पावसाळा आहे. ते हसले, तुम्ही हसता तसेच. त्या घराचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही. चांगलं झालं असेल तर माझा मुद्दा पडतो, वाईट झालं असेल तर मी खुनशी ठरतो.

आणि चवथीचं म्हणशील तर २०२३ साली ती १९ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. लवकर असो, उशिरा असो, तिच्या आधीचे दोन-तीन महिने पाण्यातलेच. अख्ख्या गोव्याला रंग, पॉलिश, लाकूड त्याच दिवसांत पाहिजे असतं आणि त्या दिवसांत तर ही कामं करूच नयेत. एवढं सांगायला यजमानांसमोर तोंड उघडावं लागतं. तू उघडलं नाहीस. मीही उघडलं नाही, हे वर लिहिलंय. पुन्हा कशाला लिहितोय कोण जाणे.

आता एक गोष्ट. ही मीटिंगला सांगत नाही.

२००९ साली डिचोलीकडे एक घर होतं. मुलगा नोकरीला बाहेर, आई सत्तरीच्या पुढची. जुनं घर पाडून त्याच जागी नवं चाललेलं, म्हणून आई शेजारच्या वाड्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. मे अखेरीस कौलं चढली, आतला गिलावा झाला. मुलगा रजेवर आला आणि म्हणाला, सर, निदान चवथ घरात करूया, आईला बसवूया. मी माझं पालुपद लावलं. एक पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर फिनिशिंग धरू, शिमग्याच्या आधी घर देतो. त्यांनी ऐकलं. दसऱ्याच्या आधी चार दिवस त्या गेल्या. भाड्याच्या खोलीत.

नोव्हेंबरात मुलाचा फोन आला, काम सुरू करा. दुसरं काही बोलला नाही. फेब्रुवारीत मी घर दिलं. भिंतींना आजतागायत लोणा नाही, एक दार फुगत नाही. खोटं वाटलं तर जाऊन बघ.

चुन्याचे दोन हात, खाली साधा सिमेंटचा कोबा, चार हूक, एक दिवा. एवढ्यावर त्या बाई घरात आल्या असत्या. भिंतींनीही आपापली ओल सोडली असती, चुन्याने काही अडवलं नसतं. हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी इतकी वर्षं बायकोला सांगत आलोय. सुचलं होतं. पण चवथीला गावातली निम्मी माणसं दर्शनाला आली असती, उघड्या भिंती नि लोंबत्या वायरी बघितल्या असत्या आणि विचारलं असतं, आर्किटेक्ट कोण? ते मला नको होतं.

म्हणून पावसाळा द्यायची गोष्ट चुकीची ठरत नाही. तू लगेच तसा अर्थ काढशील, म्हणून बजावतो. पावसाळा द्यायचाच. माणसांना आत राहू देऊन द्यायचा, एवढी दुरुस्ती मी केली आणि त्यानंतर प्रत्येक यजमानाला पहिल्याच भेटीत सांगत आलो. तुमच्या ह्या यजमानांना सोडून. त्या दिवशी मला दुपारची डुलकी येत होती, वय झालं, काय करू.

तर सोमवारी साडेनऊला साईटवर. पश्चिमेचं सगळं पॅनेलिंग उतरवायचं, फुगलेलं आणि न फुगलेलंही. चांगले तुकडे मेस्ताच्या शेडमध्ये आडवे, वर वजन ठेवून. भिंतीवरची पुट्टी खरवडून काढायची नि चुना मारायचा, तो मी माशेलहून आणतो. बाहेरून ताडपत्री, भिंतीला चिकटवून नव्हे, हातभर पुढे बांबूवर, म्हणजे मधून वारा खेळेल. फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी कडांनी टेप लावून चिकटव आणि दुसऱ्या दिवशी आतून घाम आलाय का बघ. हे दर पंधरा दिवसांनी, तारखेसकट वहीत. दिवाळीनंतर लागोपाठ दोनदा कोरडं निघालं तर पॅनेल परत चढवायचे, तेही पट्ट्यांवर, भिंतीपासून पाऊण इंच सोडून, खाली नि वर हवेला फट ठेवून. ती फट चित्रात वाईट दिसेल. दिसू दे.

यजमानांशी तू बोलायचंस. मी शेजारी असेन, या खेपेला जागा. चवथ त्याच हॉलमध्ये होईल, भिंत पांढरी असेल, लाकूड दिवाळीनंतर, असं सरळ सांग. ओरडले तर ओरडू दे.

आणि त्या आधी आत जाऊन त्यांच्या आईला विचार, माटोळी कुठे बांधता. तुझा सीलिंगचा ड्रॉइंग मी रात्री पुन्हा उघडून बघितला. त्यात दिवे चौदा आहेत, हूक एकही नाही.

किल्ल्या तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत. मागच्या दाराच्या किल्लीची चिठ्ठी पडलीय, ती लाव. येताना मीटरला दोन सेल घेऊन ये.

सर