राज्यातल्या जुन्या इमारतीचा फोटो आहे, पण मागे साल नाही. तो कोणत्या काळातला हे कसं ओळखायचं?

आधी कागद बघा, मग दृश्य. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. इमारत जुनी म्हणजे फोटोही जुना, असं नसतं. जुन्या फोटोवरून नंतर काढलेल्या प्रती खूप असतात.

दहापट भिंग घ्या आणि फोटोतल्या उजळ भागावर, म्हणजे आकाशावर, धरा. कागदाचे तंतू दिसत असतील, रंग पिवळट तपकिरी असेल आणि पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असेल, तर तो बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन प्रिंट. ही पद्धत 1850 मध्ये आली आणि 1890 च्या दशकापर्यंत जोरात होती. तंतू दिसत नाहीत आणि काळ्या भागांत तिरक्या उजेडात चांदीसारखी झाक येते, तर तो नंतरचा जिलेटिन प्रिंट. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर प्रत साधारण 1950 नंतरची. कागद चमकला नाही म्हणून तो जुनाच, असं मात्र म्हणता येत नाही.

मग दृश्यातले खांब, तारा, वाहनं, पाट्या बघा. त्यांतली सर्वांत नवी वस्तू फोटो जास्तीत जास्त किती जुना असू शकतो ते ठरवते: फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली, तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. अशा फोटोवरून इमारतीची डावी-उजवी बाजू ठरवू नका.

मागे नोंद करायची तर मऊ पेन्सिलीनेच, कडेला. पेनाची शाई पुढे झिरपते.