कोरियामाला निघतेस तर

प्रिय भाची,

कोरियामाची नोकरी तू घेतलीस हे ताईने फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा आवाज असा बसला होता की मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. अगं, कोरियामा जपानच्या फुकुशिमात आहे खरं, पण फुकुशिमा हे एका अख्ख्या प्रांताचं नाव. त्या बंद अणुभट्ट्या तुझ्या गावापासून साठेक किलोमीटरवर, समुद्रकाठी आहेत.

त्सुनामीने त्या अणुभट्ट्यांचा अपघात झाला तेव्हा, 2011 च्या मार्चमध्ये, आम्ही तोक्योत, निशि-कासाइला होतो. पोरगा आठ महिन्यांचा. 23 तारखेला जाहीर झालं की कानामाची जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात किलोमागे 210 बेक्वेरेल (हे किरणोत्सर्गाचं माप) किरणोत्सर्गी आयोडीन-131 सापडलंय, तान्ह्या मुलांसाठी मर्यादा 100, त्यांना नळाचं पाणी देऊ नका. बाळामागे 550 मिलीच्या तीन बाटल्या वाटल्या. त्या मी ओट्यावर ओळीने मांडल्या आणि हिशेब करत बसले: दुधाला किती, नाचणीच्या सत्त्वाला किती, बाटली विसळायला वापरायचं की नाही. दुसऱ्या दिवशी आकडा 79 वर आला, सूचना मागे घेतली. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, एवढं साधं मला नंतर कळलं. कारण सूचना जपानीत होत्या, आणि पुण्याहून येणारे फोन मराठीत. 'तोक्यो रिकामं होतंय म्हणे!' खरं सांगते, मी घाबरले ती नळाला नाही, फोनला.

म्हणून आधी तीन शब्द चित्रलिपीत ओळखायला शीक. हिनान म्हणजे स्थलांतर, दानसुइ म्हणजे पाणी बंद, क्यूसुइ म्हणजे पाणीवाटप. नमस्कार-चमत्कार मागाहून येतील.

मग आम्ही पळालो. शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात परत येण्याच्या परवान्यासाठी ही रांग! आता वर्षाच्या आत परतायचं असेल तर निघताना विमानतळावर फॉर्मवर खूण केली की भागतं. पासपोर्ट आणि झाइर्यू कार्ड, म्हणजे तिथल्या वास्तव्याचं ओळखपत्र, मात्र एकाच पिशवीत, दाराजवळ ठेव. जाण्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही, मांडीवर पोर होतं. चूक ही की ऑफिसात कुणालाच सांगितलं नाही. अशा परदेश्यांना तेव्हा 'फ्लायजिन' म्हणायचे, 'गायजिन' म्हणजे परदेशी, त्याला इंग्रजी 'फ्लाय' जोडून केलेली कोटी. तीन आठवड्यांनी परतले, तर शेजारच्या टेबलवरच्या बाईने माझं अडलेलं सगळं काम वहीत तारीखवार लिहून ठेवलेलं. वही दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाली, 'ओकाएरिनासाइ', आलीस का घरी. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं. तुला जावंसं वाटलं तर जा, पण सांगून जा.

खाण्याचं विचारलंस. दुकानातलं बिनधास्त खा, पीच तर खाच. 2012 पासून कितीतरी वर्षं तिथल्या तांदळाचं एकेक पोतं तपासलं जायचं. मर्यादा किलोला 100 बेक्वेरेल, दुधाला 50. जपायचं ते रानातल्या अळंब्यांना. त्यांच्यात साचणारं किरणोत्सर्गी सीझियम-137 निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात, आणि जंगल काही कुणी धुऊन काढलेलं नाही. शेजारची आजी प्रेमाने टोपली देईल, तेव्हा कुठून खुडल्या ते विचार. तिला राग येणार नाही, तिला सवय आहे.

बागांमधून, शाळांच्या आवारात किरणोत्सर्ग मोजणारे खांब दिसतील, आकडा लाल दिव्यांत. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोटो काढून ताईला पाठव. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही. म्हणते, तू तर तेव्हा तीन आठवडे पुण्यात येऊन बसली होतीस.

तुझी,
मावशी