सापेक्ष वेगाच्या उदाहरणांत अंतर कोणाचे धरायचे?

वेगांची बेरीज केव्हा करायची आणि वजाबाकी केव्हा, हे पाठ असूनही आगगाड्यांच्या उदाहरणांत उत्तर चुकते, असे आपण लिहिले आहे. आपली रीत तपासली असता वेग दर वेळी बरोबर निघालेला दिसतो. चुकते ते अंतर.

१४० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किमी वेगाने आणि २१० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किमी वेगाने समोरासमोर येत आहे, असे समजा. पाचने गुणून अठराने भागले की हे वेग सेकंदाला २० आणि १५ मीटर होतात. आता पहिल्या गाडीत बसा आणि ती जागची हललेलीच नाही असे माना. समोरची गाडी सेकंदाला ३५ मीटर वेगाने येताना दिसेल; हाच सापेक्ष वेग. वेगाचे काम इथे संपले, आता कोण कोणाला ओलांडतो एवढेच पाहायचे. दोन्ही गाड्यांनी परस्परांना पूर्ण ओलांडायचे असेल, तर इंजिने समोरासमोर आल्यापासून शेवटचे डबे एकमेकांपासून सुटेपर्यंत ३५० मीटर अंतर कापले जाते, म्हणून १० सेकंद लागतात. पहिल्या गाडीच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशासमोरून मात्र दुसरी गाडी ६ सेकंदांतच निघून जाते, कारण प्रवासी हा बिंदू धरला जातो आणि त्याच्या स्वतःच्या गाडीची लांबी हिशेबात येतच नाही. आपण नेमकी तीच अंतरात मिळवली आहे. दोन्ही गाड्या एकाच दिशेने जात असत्या, तर सापेक्ष वेग सेकंदाला ५ मीटर उरून पूर्ण ओलांडण्यास ७० सेकंद लागले असते.

अंतराला वेगांच्या बेरजेने किंवा वजाबाकीने भागून काळ काढण्याचा हाच नियम आर्यभटाच्या इ. स. ४९९ मधल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गणितपादात, म्हणजे गणिताच्या प्रकरणात, एका श्लोकात दिला आहे, आणि निघणारा काळ भेट होऊन गेल्याचा किंवा पुढे व्हायची असल्याचा असू शकतो, हेही तिथे सांगितले आहे. ही सूचना मला फार मोलाची वाटते, कारण जास्त वेगाचा पुढे असेल तर वजाबाकी करून आलेला काळ मागचा असतो, हे पुष्कळ विद्यार्थी पाहतच नाहीत.

आपल्या चोर-पोलिसाच्या उदाहरणात चोर ताशी ८ किमी वेगाने पळतो आणि पोलीस १५ मिनिटांनी ताशी १० किमी वेगाने निघतो. तोवर २ किमी अंतर पडलेले असते आणि ते ताशी २ किमीने भरून येते, म्हणून पोलीस निघाल्यापासून १ तासाने चोर सापडतो. हा तास मिळाला की सापेक्ष वेग बाजूला ठेवावा. पोलीस किती धावला हे त्याच्याच वेगावरून काढायचे असल्याने उत्तर १० किमी येते, २ किमी नव्हे.