कमल की कमळ, आणि ळ कानडीतून आला का?

प्रश्न असा की ‘कमल’ बरोबर की ‘कमळ’, आणि ळ आपण कानडीतून घेतलाय हे खरं का. पहिल्याचं उत्तर सोपंय, दोन्ही बरोबर, कमल संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला आणि कमळ प्राकृतातून झिजत आलेला. पण ते कानडीचं इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो, भाषेवर व्याख्यानं देणारे लोकसुद्धा बिनधास्त ठोकून देतात.

फळ आणि फूल घ्या. एकात ळ, दुसऱ्यात ल, असं का? संस्कृत ‘फल’मध्ये दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल आहे, त्याचा ळ झाला. फूल आलं ‘फुल्ल’वरून, फुल्ल म्हणजे उमललेलं, तिथे जोड ल्ल होता, तो सुटा झाला तरी ल च राहिला आणि त्याच्या बदल्यात आधीचा उ दीर्घ झाला. इतकं सुंदर आहे हे! आता लावून बघा, वेला वरून वेळ पण वेल्लि वरून वेल, काल (म्हणजे समय) वरून काळ पण कल्य-कल्ल वरून आपला कालचा काल, गल्ल वरून गाल, तैल प्राकृतात तेल्ल झालं म्हणून तेल, मूल्य-मुल्ल वरून मोल. आणि साल, माल, हाल हे फारसी-अरबीतून मागाहून आले, तोवर हा बदल होऊन गेला होता म्हणून त्यांना ळ लागलाच नाही.

कानडीतून नुसता उच्चार उचलला असता तर तो इतक्या शिस्तीत बसला असता का? बरं, गुजरातीतही फळ-फूल, काळ-काल अशाच जोड्या आहेत आणि पार तिकडे ओडियातही फळ आणि फुल. ओडिशाला कुठला आलाय कानडीचा शेजार? अण्णा, अक्का कानडी आहेत, ते मान्यच, शेजारामुळे आपला ळ टिकायला मदत झाली असेल हेही मान्य, पण उसना नाही.

दुसरी टोकाची मंडळी म्हणतात ळ थेट वेदातून आला, ‘अग्निमीळे पुरोहितम्’ बघा. ऋग्वेदाच्या पहिल्याच ओळीत ळ आहे हे खरं, पण तो ड चा ळ आहे, नंतरच्या संस्कृतात तिथे ‘ईडे’ होतं. ड चा ळ होण्याची खोड मराठीतही आहे, गुड चा गूळ, षोडश चं सोळा, तडाग चं तळं. फळातला ळ मात्र ल पासूनचा, दोघांची सरमिसळ करू नका.

आणि ‘निर्मळ’, ‘सकळ’ खेडवळ म्हणून खोडून ‘निर्मल’, ‘सकल’ करणारे मुद्रितशोधक, त्यांनी संतांचे अभंग जरा उघडून बघावेत. वऱ्हाडात आणि अहिराणीत डोळ्याचा डोया होतो, आगरी बोलीत डोला, तेही चूक नाही, तिथला उच्चारच तसा. चूक आहे ती चॅनेलवर ‘लोणावला’ म्हणणाऱ्यांची, कारण गावाचं नाव गावकरी म्हणतात तेच. हिंदीच्या वर्णमालेत ळ शिकवत नाहीत म्हणून हे होतं, पण हरियाणवी आणि राजस्थानी माणूस घरी सर्रास ळ बोलतो आणि शाळेत त्याला तो लिहायला अक्षरच दिलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.